भांड्यावर नाव, तसं फोटोवर नाव : वॉटरमार्कसाठी मोफत सॉफ्टवेअर



अपूर्णांक शिकवण्यासाठी एखादी बाई दोन रात्री बसून तक्ता रंगवते. वर्गात लावते, फोटो काढते आणि तो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. महिन्याभराने तोच तक्ता तिसऱ्याच तालुक्यातून 'माझी निर्मिती' अशा ओळीसह तिच्याच मोबाइलवर परत येतो. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. मग प्रश्न ठरलेला असतो : "फोटोवर नाव टाकायचं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर आहे का हो?"

आहे. एक नाही, बरीच आहेत. घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. संगणकावर पुष्कळ फोटोंवर एकदम नाव टाकायचं असेल तर एक्सएनकन्व्हर्ट किंवा इरफानव्ह्यू, नावाचा छान शिक्का बनवायचा असेल तर गिम्प, आणि फक्त मोबाइल असेल तर स्नॅपसीड. चारही विनापैसे मिळतात आणि तुमच्या फोटोवर स्वतःची जाहिरात छापत नाहीत. पण नाव कुठे टाकायचं, केवढं टाकायचं आणि कोणत्या फोटोवर अजिबात टाकायचं नाही, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. म्हणून हा पाठ थोडा लांबला आहे.

वॉटरमार्क म्हणजे नेमकं काय?

शंभराची नोट उजेडासमोर धरा. डाव्या-उजव्या बाजूच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसतो. तो वरून छापलेला नसतो, कागद तयार होतानाच त्याच्या अंगात उतरवलेला असतो. कागद कुठे पातळ, कुठे जाड ठेवला की उजेड कमीजास्त आरपार येतो आणि चित्र दिसतं. हाताने कागद बनवणाऱ्या कारखानदारांनी आपल्या मालाची ओळख म्हणून ही युक्ती काढली. इटलीतलं फाब्रियानो हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे तेराव्या शतकापासून असे कागद होत. आपल्याकडे याला जलचिन्ह म्हणतात, पण बोलताना सगळे वॉटरमार्कच म्हणतात.

डिजिटल फोटोवरचा वॉटरमार्क हा त्याचा लांबचा नातेवाईक. इथे फोटोच्या ठिपक्यांवर दुसरी अर्धपारदर्शक अक्षरं किंवा चित्र बसवतात आणि दोन्ही मिळून एकच फाइल तयार करतात. एकदा अशी फाइल सेव्ह झाली की खालचे मूळ ठिपके त्या फाइलमध्ये उरत नाहीत. म्हणून पहिला नियम पाठच करून ठेवा : मूळ फोटोवर कधीही नाव टाकायचं नाही, त्याची प्रत काढून तिच्यावर टाकायचं.

आता याचा उपयोग किती, ते आपल्या घरातल्या उदाहरणाने बघू. आपण स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतो. त्या नावामुळे भांडं चोरीला जायचं थांबत नाही. पण लग्नाच्या पंगतीला शेजारच्या दहा घरची पातेली एकत्र आली की धुतल्यावर कोणतं कोणाकडे जायचं हे त्या नावावरून कळतं. फोटोवरचं नावही तेवढंच काम करतं. ज्याला मुद्दाम चोरायचं आहे तो कोपरा कापून टाकेल. मात्र आपल्याकडे होणारी बहुतेक 'चोरी' ही चोरी नसतेच, ती फॉरवर्ड असते. पाचव्या माणसाकडे तक्ता पोचेपर्यंत तो कोणाचा हे कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी नाव घातलेलं असलं की ते फोटोबरोबर फिरत राहतं.

'फ्री' या शब्दाचे प्रकार

गूगलवर 'फ्री वॉटरमार्क सॉफ्टवेअर' असं शोधलं की पानच्या पानं भरून नावं येतात. त्यातली निम्मी तरी आपल्या कामाची नसतात. इंग्रजीत फ्री एवढा एकच शब्द आहे, मराठीत आपल्याला बारकावा दाखवता येतो.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आतली रचनाही उघडी असते. कुणीही वापरा, वाटा, बदला, शाळेच्या तीस संगणकांवर घाला, परवानगी लागत नाही. गिम्प आणि डिजिकॅम ही या जातीची. मोफत सॉफ्टवेअर म्हणजे मालकाने पैसे न घेता वापरायला दिलेलं, पण मालकी त्याचीच. इरफानव्ह्यू आणि एक्सएनकन्व्हर्ट ही अशी. दोन्ही घरगुती आणि शैक्षणिक वापराला मोफत आहेत. तुमचा जोडधंदा फोटो स्टुडिओचा असेल तर मात्र त्यांचं शुल्क भरायला हवं. तिसरा प्रकार चाखून बघण्याचा, म्हणजे ट्रायल. यात गंमत अशी असते की तुम्ही आपलं नाव टाकायला जाता आणि सॉफ्टवेअर तुमच्या फोटोवर मधोमध स्वतःचं नाव टाकून देतं. ते काढायचं तर पैसे भरा! आणि चौथा प्रकार ऑनलाइन संकेतस्थळांचा. फोटो त्यांच्याकडे चढवायचा, नाव टाकून परत उतरवायचा. निसर्गाचा फोटो असेल तर ठीक आहे, पण वर्गातल्या मुलांचे फोटो अनोळखी सर्व्हरवर कशाला पाठवायचे? वर सांगितलेली संगणकावरची तीनही सॉफ्टवेअर इंटरनेट बंद असतानाही चालतात. हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण, असं माझं मत आहे.

डाउनलोड करताना सॉफ्टवेअरच्या मूळ संकेतस्थळावरूनच करा. मधल्या साइटवर हिरवी मोठी 'डाउनलोड' बटणं दिसतात, ती पुष्कळदा जाहिराती असतात.

आधी शिक्का बनवून ठेवा

प्रत्येक फोटोवर नव्याने नाव टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नावाचं चित्र बनवून ठेवलेलं बरं. मराठीसाठी तर हे जवळजवळ आवश्यकच आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. 'विद्यार्थी' या शब्दाचं काय होतं ते एकदा बघाच. नाव चित्राच्या रूपात असलं की हा प्रश्नच उरत नाही.

गिम्प हे फोटोशॉपच्या तोडीचं नसलं तरी आपल्या कामाला पुरून उरतं. अमेरिकेत बर्कली इथे शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि १९९६ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हींवर चालतं. शाळेच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर तिथेही सहज मिळतं.

गिम्प उघडून 'फाइल' मधून 'न्यू' घ्या. रुंदी १२०० आणि उंची ३०० ठिपके द्या. खाली 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आहे, ते उघडून 'फिल विथ' समोर 'ट्रान्स्परन्सी' निवडा. समोर राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसल्या म्हणजे पार्श्वभूमी पारदर्शक आहे असं समजा. आता कीबोर्डवरचं 'टी' दाबा, अक्षरांचं साधन हातात येतं. चित्रावर क्लिक करून नाव टाइप करा. फॉण्ट जाडसर घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे देवनागरी फॉण्ट मोफत मिळतात आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. बारीक, नाजूक, लफ्फेदार अक्षरं टाळा. मोबाइलच्या पडद्यावर त्यांची नुसती रेघ दिसते.

रंग पांढरा ठेवा. पण पांढरं नाव पांढऱ्या शर्टावर किंवा आभाळावर हरवतं, म्हणून 'फिल्टर्स' मध्ये 'लाइट अँड शॅडो' खाली 'ड्रॉप शॅडो' आहे, ते लावा. अक्षरांमागे हलकी काळी सावली येते आणि नाव उजेडातही दिसतं, अंधारातही दिसतं. शेवटी 'फाइल' मधून 'एक्सपोर्ट ॲज' घेऊन फाइलच्या नावापुढे पीएनजी हा प्रकार द्या. जेपीजी दिलात तर पारदर्शक भाग जाऊन नावामागे ठोकळा येईल. जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. आवृत्तीप्रमाणे मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे होतील, रीत तीच.

शिक्क्यात काय लिहावं? नाव आणि वर्ष, किंवा ब्लॉगचं नाव आणि वर्ष. पुढे गोलातला सी टाकला तरी चालतो. मोबाइल नंबर टाकू नका. फोटो कुठे कुठे फिरेल याचा नेम नसतो, आणि नंबर एकदा पसरला की परत घेता येत नाही. शिक्षिकांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं.

साठ फोटो, एकच शिक्का

स्नेहसंमेलनाचे साठ फोटो आहेत आणि एकेक उघडून नाव टाकायला संध्याकाळ नाही. अशा वेळी एक्सएनकन्व्हर्ट घ्या. त्याच्या खिडकीत वर 'इनपुट', 'ॲक्शन्स', 'आउटपुट' असे टॅब आहेत, आणि कामही त्याच क्रमाने करायचं.

इनपुटमध्ये फोटोंचं फोल्डर ओढून टाका. ॲक्शन्समध्ये आधी आकार लहान करण्याची क्रिया जोडा, म्हणजे 'रिसाइझ'. लांब बाजू १२०० ठिपके पुरे. मग त्याच यादीत 'वॉटरमार्क' जोडा आणि आपला पीएनजी शिक्का दाखवा. जागा निवडा, 'ओपॅसिटी' म्हणजे गडदपणा ठरवा. शेजारीच आधीचा आणि नंतरचा फोटो दिसतो, त्यामुळे अंदाज घेत कमीजास्त करता येतं. आउटपुटमध्ये नवं फोल्डर द्या. मूळ फोल्डर देऊ नका, पहिला नियम आठवा.

इथे क्रियांचा क्रम महत्त्वाचा आहे. यादीत जी आधी ती आधी होते. समजा आधी शिक्का आणि नंतर रिसाइझ ठेवलं, तर ४००० ठिपके रुंदीच्या फोटोवर बसलेला शिक्का फोटोबरोबर आक्रसतो. एका फोटोवर तो वाचता येईल एवढा राहतो, तर जास्त मोठ्या मूळ फोटोवर मुंगीएवढा होतो. आधी सगळे फोटो एका मापाचे केले की शिक्काही सगळीकडे सारखा दिसतो. स्वयंपाकात मीठ कधी घालायचं याला जसं महत्त्व आहे तसंच हे.

एकदा बसवलेली मांडणी सेव्ह करून ठेवता येते. पुढच्या वेळी फोटो टाकायचे आणि 'कन्व्हर्ट' दाबायचं, एवढंच काम.

शाळेतला संगणक जुना, मेमरी कमी, असं असेल तर इरफानव्ह्यू. नावावरून आपल्याकडचं वाटतं, पण ते बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये आणलं आणि आजही तेच सांभाळतात. फाइल अगदी थोड्या एमबीची, कुठल्याही जुन्या विंडोजवर पळते. ते उघडून कीबोर्डवरचं 'बी' दाबा, एकगठ्ठा कामाची खिडकी येते. उजवीकडून फोटो निवडून यादीत घाला, डावीकडे 'यूज ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' वर टिक करून 'ॲडव्हान्स्ड' दाबा. आत 'वॉटरमार्क इमेज' असा पर्याय आहे, त्याच्या सेटिंगमध्ये शिक्का, जागा आणि पारदर्शकता द्या. नुसती अक्षरं टाकायची असतील तर शेजारी 'ॲड ओव्हरले टेक्स्ट' आहे. मग बाहेर येऊन नवं फोल्डर द्या आणि 'स्टार्ट बॅच'. त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत जुन्या फाइलवरच लिहिण्याचा एक पर्याय आहे, त्याला हात लावू नका.

लिनक्सवाल्यांसाठी डिजिकॅममध्येही एकगठ्ठा शिक्का मारण्याची सोय आहे. पण फक्त वॉटरमार्कसाठी एवढं मोठं सॉफ्टवेअर घालावं असं मला वाटत नाही.

फक्त मोबाइल असेल तर

बहुतेकांची हीच स्थिती, हे मान्य. अशांसाठी गूगलचं स्नॅपसीड. जाहिराती नाहीत, स्वतःचा शिक्का मारत नाही. त्यातल्या 'टेक्स्ट' साधनात नाव लिहून त्याचा गडदपणा कमी करता येतो.

बनवलेला शिक्काच वापरायचा असेल तर 'डबल एक्सपोजर' नावाचं साधन आहे. त्यासाठी शिक्का काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तयार ठेवा. फोटो उघडा, डबल एक्सपोजरमधून तो शिक्का वर आणा, बोटांनी लहान करून जागेवर न्या आणि मोड 'लाइटन' करा. काळा भाग नाहीसा होऊन पांढरं नाव तेवढं उरतं. असं का होतं? लाइटनमध्ये दोन चित्रांतला जो ठिपका जास्त उजळ तोच दिसतो. काळा रंग प्रत्येक ठिकाणी हरतो, पांढरा प्रत्येक ठिकाणी जिंकतो. आठवी-नववीच्या मुलांना हे दाखवून बघा, संख्यांची तुलना फोटोत कशी होते ते त्यांना फार आवडतं.

आणि एक उलटा सल्ला. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यात कंपनीचं आणि मॉडेलचं नाव फोटोच्या खाली आपोआप छापून येतं. ते आपलं नाव नव्हे, मोबाइल कंपनीची फुकट जाहिरात आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

कुठे आणि केवढं?

अगदी कोपऱ्यात, काठाला चिकटून टाकलेलं नाव बोटाच्या एका फटक्यात कापलं जातं. मधोमध आडवं टाकलेलं नाव तक्ताच वाचू देत नाही, मग तो पाठवलाच कशाला? मधला मार्ग असा : काठापासून थोडं आत, जिथे नाव कापायचं तर तक्त्याचा किंवा फोटोतला कामाचा भागही कापावा लागेल अशा जागी. शिक्क्याची रुंदी फोटोच्या रुंदीच्या साधारण पाव हिस्सा, आणि गडदपणा तीस ते चाळीस टक्के. मुलांनी वाचायचा तक्ता असेल तर आणखी फिका. अक्षरांवर, आकड्यांवर आणि कुणाच्या चेहऱ्यावर शिक्का येऊ देऊ नका. पुरस्कार घेणाऱ्या मुलाच्या तोंडावर शाळेचं नाव छापलेले फोटो मी इतके पाहिले आहेत की विचारू नका.

तरीही, शिक्का पुसता येतो हे लक्षात असू द्या. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच शिक्का पुष्कळ फोटोंवर मारलेला असेल तर संगणक त्या सगळ्या फोटोंची तुलना करून शिक्का नेमका कसा आहे ते ओळखतो आणि आपोआप काढूनही टाकतो. फोटोगणिक शिक्क्याची जागा बदलून फारसा फरक पडत नाही. प्रत्येक वेळी त्याचा आकारच किंचित वेडावाकडा केला तर मात्र पुसताना खुणा राहतात. आता तर मोबाइलमधल्या खोडरबरानेही कोपऱ्यातलं नाव जातं.

म्हणून खरं संरक्षण हवं असेल तर फोटोच्या आकाराकडे लक्ष द्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. तोच १२०० गुणिले ९०० केला की दहा लाख ऐंशी हजार उरतात, अकराव्या हिश्शाहूनही कमी. मोबाइलवर तो छान दिसतो. पण चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, त्या हिशोबाने हा फोटो जेमतेम ४ इंच रुंद छापता येईल. त्याचं फ्लेक्स किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला गेलं की फोटो फाटेल. मोठा मूळ फोटो तुमच्याजवळ, लहान प्रत जगाजवळ. उद्या वाद झालाच तर मोठी फाइल ज्याच्याकडे आहे त्याचं म्हणणं खरं ठरतं. त्या फाइलच्या पोटात कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ अशी माहितीही असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

नाव टाकलं नाही तर हक्क जातो का?

नाही. हा गैरसमज फार आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो ही कलाकृती आहे आणि ती तयार होताक्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, शिक्का सक्तीचा नाही, गोलातला सीसुद्धा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही इतर कलाकृतींसारखीच मुदत मिळाली आहे, म्हणजे फोटो काढणाऱ्याची हयात आणि त्यानंतर ६० वर्षं.

मग शिक्क्याचा कायद्यात उपयोग काय? त्याच दुरुस्तीने कलम ६५बी आलं. निर्मात्याचं नाव वगैरे, हक्क कुणाचा हे सांगणारी माहिती जाणूनबुजून आणि अधिकार नसताना काढून टाकणं हा त्याखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे नाव नसलेला तक्ता कुणी उचलला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येतं, नाव खरवडून उचलला तर ते म्हणता येत नाही.

एक बाजू शिक्षकांनी नीट समजून घ्यावी. नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा असतो. शाळेने कार्यक्रमाचे फोटो काढायला सांगितले तर त्यांवर मालकी सांगण्याआधी हे ध्यानात असू द्या. पण 'हे मी केलं आहे' असं सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे निर्मात्याकडेच राहतो, मालकी दुसऱ्याकडे गेली तरी. बाईंनी रंगवलेल्या तक्त्यावर बाईंचं नाव यायलाच हवं.

ज्या फोटोवर शिक्का नको

मुलांचे फोटो. यावर मी जरा आग्रहाने बोलणार आहे. आपण अहवालासाठी अक्षांश-रेखांश, पत्ता, तारीख, वेळ छापणारं कॅमेरा ॲप वापरतो. कार्यालयाला तसा फोटो हवा असतो, तो तिथे पाठवा. पण तोच फोटो फेसबुकवर किंवा ब्लॉगवर टाकला तर काय होतं? एका बाजूला मुलीचा स्पष्ट चेहरा, छातीवर नावाची पट्टी, आणि खाली शाळेचं नाव, गावाचं नाव, नकाशा. अनोळखी माणसाला हवी ती सगळी माहिती आपण एकाच चौकटीत लावून दिली. हाही वॉटरमार्कच आहे, फक्त तो आपलं रक्षण करत नाही, मुलांना उघडं पाडतो. मुलांचा फोटो जाहीर करायचाच असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, पाठमोरा किंवा गटाचा दुरून काढलेला निवडा, ठिकाणाची छपाई नसलेली प्रत वापरा, आणि शिक्का मारायचाच असेल तर नुसता ब्लॉगच्या नावाचा.

दुसऱ्याचे फोटो. बालभारतीच्या पुस्तकातलं पान स्कॅन करून त्यावर तिरका 'अमुक सर' असा शिक्का मारलेल्या पीडीएफ आपल्या ग्रुपवर रोज येतात. पुस्तकाचा हक्क बालभारतीचा, चित्र चित्रकाराचं, मग सरांचं त्यात काय? स्कॅन करण्याचे कष्ट! गूगलवरून घेतलेल्या चित्रांचंही तेच. आपल्या तक्त्यावर दुसऱ्याने नाव लावलं की आपल्याला राग येतो, मग हेही तितकंच वाईट आहे. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याची पुष्कळ चित्रं आहेत, ती वापरा आणि चित्राखाली काढणाऱ्याचं नाव आणि परवाना लिहा. त्यावर आपला शिक्का नको.

आणि तुम्ही स्वतः गावातल्या बारवेचा, वीरगळाचा किंवा किल्ल्याच्या दरवाजाचा चांगला फोटो काढला आणि तो कॉमन्सला द्यायचं ठरवलं, तर तो शिक्क्याविना आणि पूर्ण आकारात चढवा. तिथे फोटोवर दिसणारे वॉटरमार्क टाकू नका असंच सांगितलेलं आहे. तुमचं नाव फोटोच्या पानावर नोंदलं जातं, आणि तुम्ही निवडलेल्या परवान्यात नाव देण्याची अट असेल तर वापरणाऱ्याला ते द्यावंच लागतं.

गिम्पमध्ये शिक्का बनवताना 'ट्रान्स्परन्सी' सापडली नाही किंवा जोडाक्षर फुटलं, तर खाली कमेंटमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून विचारा. शिक्का तयार झाला की त्याची एक प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा. मोबाइल बदलला की नेमकी तीच फाइल सापडत नाही.